गुडघ्याचा घसारा

आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात गुडघा दुखू लागला की निदानासाठी डॉक्टरांची वाट कोणी पाहत नाही. आडतीवर, एस.टी.च्या थांब्यावर किंवा लग्नाच्या मांडवात भेटणारा पहिलाच गृहस्थ सांगून मोकळा होतो, "वंगण संपलं!" मग उपाय सुरू होतात. कोणी निर्गुडीचा पाला सुचवतो, कोणी तिळाचे तेल, कोणी आपल्या मेहुण्याला लागू पडलेल्या गोळीचे नाव कागदावर लिहून देतो. आणि दुखणेकरी सायकल चालवणारा असेल, तर सर्वांचे एकमत होते : आधी ती सायकल विकून टाका.

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, त्याला आता सहा वर्षे झाली. वय सहासष्ट. नारायणगावात राहतो आणि आठवड्यातून चार दिवस सायकलवर पंचवीस-तीस किलोमीटर फिरतो. कधी ओझर, कधी खोडदच्या दुर्बिणींपर्यंत, अंगात उत्साह असेल त्या दिवशी जुन्नर. दोन हिवाळ्यांपूर्वी उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे बारीक दुखू लागले. सपाटीवर चालताना काही नाही. पण जिना उतरताना, खूप वेळ मांडी घालून बसून उठताना आणि सायकलवरून उतरल्यानंतरच्या संध्याकाळी ती कळ हमखास येई. त्यातच रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले.

आमच्या घरात गुडघा हा विषय हलका नाही. सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांचे चार वर्षांपूर्वी प्रत्यारोपण झाले आहे. त्या काळातील वेदना, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतचा तो वॉकरचा प्रवास आणि जमिनीवर बसण्याचा कायमचा निरोप हे सारे तिने सोसले, मी जवळून पाहिले. त्यामुळे माझ्या गुडघ्याची वार्ता कानी पडताच तिने आणि पुण्याहून मुलीने एकाच आठवड्यात निर्णय दिला की सायकल बंद. "माझ्या नशिबी होतं ते मला चुकवता आलं नाही, तुम्ही कशाला ओढवून घेता?" या प्रश्नाला रागाने उत्तर देता येत नाही. मी एवढेच मागितले, की विक्रीचा ठराव मंजूर होण्यापूर्वी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांचे मत नोंदवावे.

क्ष-किरण चित्रात झीज दिसली. केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी १९५७ साली घालून दिलेली शून्य ते चार अशी प्रतवारी आजही जगभर वापरली जाते. त्यात माझा उजवा गुडघा दुसऱ्या प्रतीत बसला. सौभाग्यवतींचे गुडघे शस्त्रक्रियेपूर्वी चौथ्या प्रतीत होते. डॉक्टर मितभाषी. ते म्हणाले, "सायकल सोडू नका, सायकल चालवण्याची रीत तपासून घ्या," आणि त्यांनी आम्हाला फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवले. घरी परतताना गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मला इथे एक गोष्ट विशेष वाटली. आपण व्यापारी आणि हिशेबी माणसे शरीराकडेही यंत्रासारखे पाहतो. यंत्र जितके चालवावे तितका त्याचा घसारा अधिक, म्हणून कमी चालवा म्हणजे अधिक वर्षे टिकेल, हा हिशेब मालमोटारीला लागू आहे. गुडघ्याला तो लागत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील द्रवातूनच तिचे पोषण होते. गुडघ्यावर भार आला की स्पंज दाबल्याप्रमाणे तिच्यातील द्रव बाहेर पडतो आणि भार उतरला की पोषक द्रव्यांसह पुन्हा आत शिरतो. गुडघा हललाच नाही, तर ही आवक-जावक थांबते. अर्थात भार बेसुमार झाला तरीही कूर्चा झिजते. प्रश्न भार किती आणि कसा, एवढाच राहतो. 'वंगण संपले' हे निदान मात्र मी त्या दिवसापासून ऐकून सोडून देतो. तो द्रव सांध्याच्या आतले अस्तर आयुष्यभर तयार करत असते.

भार किती, याचेही उत्तर मिळते. बर्लिन येथील संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांतच मापक यंत्रे बसवली आणि दैनंदिन हालचालींत सांध्यावर प्रत्यक्ष किती जोर येतो ते मोजले. सपाटीवर चालताना तो शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास जातो, जिना उतरताना सुमारे साडेतीन पट. बेताच्या जोराने सायकल चालवताना तो वजनाइतका किंवा त्याहून थोडाच अधिक भरतो, कारण देहाचा बराचसा भार बैठकीने पेललेला असतो. माझे वजन अडुसष्ट किलो. म्हणजे लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरताना माझा गुडघा प्रत्येक पायरीला दोनशे तीस-चाळीस किलोंचा जोर घेतो आणि त्याच लेण्याद्रीच्या पायथ्यापर्यंत सायकलने जाताना त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. हे आकडे मी सौभाग्यवतींना वाचून दाखवले. ती म्हणाली, "मग लेण्याद्रीला वर जाऊ नका, खालूनच हात जोडा." आकड्यांचा असाही अर्थ निघू शकतो.

२०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचाही उल्लेख करतो, कारण त्यातील मंडळी आमच्याच वयाची, सरासरी चौसष्ट वर्षांची होती. अडीच हजारांहून अधिक जणांना आयुष्यातल्या सायकलच्या सवयी विचारल्या, तेव्हा कधी ना कधी सायकल चालवत आलेल्यांत वरचेवर गुडघेदुखीचे प्रमाण इतरांपेक्षा सतरा टक्क्यांनी कमी आढळले. बँकेत आयुष्य घालवल्यामुळे मला अशा आकड्यांबद्दल थोडा संशय असतो. पत असलेल्यालाच कर्ज मिळते, तसे गुडघे चांगले असलेलेच सायकल चालवत राहिले असतील. तरीही सायकलीने गुडघे खराब होतात, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढे खरे.

आता मूळ दुखण्याकडे येतो. फिजिओथेरपीच्या बाईंनी गुडघा तपासण्याआधी मला सायकल घेऊन यायला सांगितले. मी पेडल मारताना त्यांनी बाजूने एकदा पाहिले आणि पहिलाच प्रश्न केला, "ही सीट कोणी बसवली?" दुकानदाराने बसवली होती. आपल्याकडे बहुतेक दुकानांत गिऱ्हाईक बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले की सीट बरोबर, असे मानतात. गिऱ्हाइकालाही त्यात सुरक्षित वाटते. परंतु सीट अशी खाली असली, की पेडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि त्याच स्थितीत जोर लावावा लागल्याने वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जाते. मिनिटाला पंचाहत्तर फेरे धरले तर दीड तासात एका पायाचे सहा हजार सातशे पन्नास फेरे होतात. व्याजाच्या दरातील पाव टक्क्याची चूक मोठ्या रकमेवर काय करते, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको.

सीटची उंची ठरवण्याची एक सोपी रीत आहे. फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांची ती पद्धत, टूर द फ्रान्स तीनदा जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँ यांच्यामुळे जगभर पोहोचली. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहावे, दोन्ही मांड्यांमध्ये एखादी जाड पुठ्ठ्याची वही (घरात जुनी खतावणी असतेच) वरपर्यंत सरकवून धरावी आणि तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. त्याला ०.८८३ ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. माझे माप ७८ सेंटिमीटर, गुणाकार ६८.९. दुकानातून आलेली सायकल ६४ वर होती. गणिताचा कंटाळा असेल त्याने सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी; पेडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर उंची साधारण ठीक आहे. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात पंचवीस ते पस्तीस अंशांचा बाक आपोआप राहतो.

ही उंची एका दिवसात बदलायची नसते. बाईंच्या सांगण्यावरून मी आठवड्याला अर्धा सेंटिमीटर वाढवत गेलो. ६६ ला जिना उतरतानाची कळ कमी झाली. ६७ ला ती विसरायला झाले. ६८.५ ला मात्र गुडघ्याच्या मागच्या बाजूस ओढ जाणवू लागली, म्हणून मागे येऊन ६८ वर स्थिरावलो. सूत्र हे सुरुवातीचे अंदाजपत्रक समजावे. प्रत्यक्ष खर्च पाहून ते दुरुस्त करावे लागते. ढोबळ नियम असा, की पुढून दुखले तर सीट खाली आहे किंवा फार पुढे सरकलेली आहे, मागून दुखले तर ती वर आहे. आतल्या किंवा बाहेरच्या बाजूने दुखत असेल, तर पावले पेडलवर वाकडी पडतात का ते पाहावे; आपण चालताना पावले जितकी फाकवतो तितकीच ती पेडलवरही राहू द्यावीत.

सीट वर गेल्यावर थांबताना पाय टेकत नाहीत आणि आमच्या वयात पडण्याची भीती गुडघेदुखीहून मोठी. म्हणून थांबण्यापूर्वी सीटवरून पुढे उतरून मधल्या दांड्यापाशी उभे राहण्याची सवय करावी लागते. मी ती ओझरच्या रस्त्याला, रहदारी नसताना, पंधरा दिवस घोटली. नवी सायकल घेणाऱ्यांनी मधला दांडा मागे उतरता असलेली घ्यावी.

दुसरी गोष्ट गिअरची. जड गिअर टाकून हळूहळू, रेटा देत चालवणे हे आपल्याकडे ताकदीचे लक्षण मानले जाते. वेग तोच ठेवून हलक्या गिअरवर पाय अधिक वेळा फिरवले, तर प्रत्येक फेऱ्यातला जोर कमी होतो. एकरकमी परतफेड आणि हप्ते यांतला हा फरक आहे. काम तितकेच फिटते, पण गुडघ्याचा श्वास कोंडत नाही. मी अर्धा मिनिट उजव्या पायाचे फेरे मोजतो. पस्तीस-चाळीस भरले की समाधान. आयुष्यभर नोटांची बंडले मोजलेल्या माणसाला या मोजणीचा त्रास होत नाही.

आमच्या भागात ही लय राखणे मात्र सोपे नाही. खोडदला मोकळ्या माळावर वारा समोरून येतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणींपैकी कित्येक त्या परिसरात उभ्या आहेत आणि त्यांच्या जाळीतून वारा सहज निघून जातो. माझ्या छातीवर तो अडतो. दिवाळीनंतर गळीत हंगाम सुरू झाला की विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. मागून ट्रॉली आली की खाली उतरून उभे राहावे लागते आणि पुन्हा निघताना जर गिअर जडच असेल, तर पहिल्या चार फेऱ्यांतच गुडघ्याला सारा दंड भरावा लागतो. म्हणून थांबण्याआधी गिअर हलका करून ठेवावा. जुन्नरच्या पुढे आपटाळे, चावंड, घाटघर करत नाणेघाटाकडे जाणारे तरुण मी पाहतो, त्यांचे कौतुकही वाटते. याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकला, महाजन बंधू आहेत. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. तेथवर आमची मजल नाही. माझी मजल जुन्नरच्या वेशीपर्यंत आणि परत.

पोटऱ्यांच्या गोळ्यांचे कारण वेगळे निघाले आणि ते आपल्या घरांना विशेष लागू आहे, म्हणून सांगतो. मी चौविहार पाळतो. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, सूर्योदय सातला आणि नवकारसी त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. म्हणजे पोटात पाण्याचा थेंब न जाता जवळजवळ चौदा तास होतात. त्या कोरड्या देहाने पहाटेच सायकल काढून घाम गाळणे पोटऱ्यांना मानवत नसावे. पहाटे न निघण्याचे दुसरे कारण आमच्या तालुक्यांत सर्वांना ठाऊक आहे. उसाच्या कडेने अंधारात जाणारा सायकलस्वार बिबट्याला वाकलेल्या जनावरासारखा दिसतो, असे जाणकार सांगतात. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्रच आहे, यावरून काय ते समजावे. तेव्हा बिबट्या आणि नवकारसी या दोघांचेही वेळापत्रक मान्य करून मी आता आठनंतर, दोन पेले कोमट पाणी पिऊन निघतो. बरोबर उकळलेल्या पाण्याची बाटली, त्यात चिमूटभर मीठ, साखर आणि लिंबू. उन्हे चढल्याने गुडघाही गारठलेला राहत नाही. संध्याकाळी सूर्यास्तापूर्वी पुन्हा पुरेसे पाणी. गोळे महिन्याभरात थांबले.

इथवर माझे झाले. खरे म्हणजे हा लेख मी थोरल्या बंधूंमुळे लिहायला घेतला. दादा एकाहत्तर वर्षांचे. घोडेगावात त्यांची भुसार आणि हिरड्याची पेढी. पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून येणारा बाळहिरडा हाताळून पारखण्यात त्यांचा हात धरणारा मी पाहिला नाही. दादांनी जन्मात सायकलला पाय लावला नाही. पंचावन्न वर्षे सकाळी नऊ ते रात्रीपर्यंत गादीवर मांडी घालून बसले. माझ्यासोबत त्यांचेही चित्र काढले, तेव्हा त्यांचे दोन्ही गुडघे तिसऱ्या प्रतीत निघाले. एका आईच्या पोटची दोन मुले, एक फिरणारा आणि एक बसणारा. यावरून सिद्धांत काढता येत नाही, हे मी जाणतो. वजन, वय, आनुवंशिकता सारेच त्यात असते. पण सायकल विका म्हणणाऱ्यांपैकी एकालाही दादांना "गादी विका" असे म्हणावेसे वाटले नाही.

मांडी घालून बसणे वाईट नाही. तासन्‌तास न हलता तसेच बसणे आणि गुडघा पुरता दुमडलेला असताना गिऱ्हाइकासाठी झटकन उठणे, हे झिजलेल्या सांध्याला जड जाते. आपल्या पेढ्यांवरील ज्येष्ठांनी अर्ध्या तासाने एकदा पाय सरळ करावेत. गादीवरच करता येण्याजोगे व्यायाम आहेत. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघ्याने ती दहा अंक मोजेपर्यंत दाबावी. एक पाय दुमडून दुसरा सरळ ठेवत वीतभर उचलावा. उंच स्टुलावरून हातांचा आधार न घेता उठावे, बसावे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला, की वाटी जागेवर राहते आणि सांध्यावरील धक्का तो स्नायू पचवतो. सामायिकाला खुर्ची घ्यावी की नाही, हा प्रश्न स्थानकात अनेकांना संकोचाचा वाटतो. दादांनाही वाटे. अठ्ठेचाळीस मिनिटे गुडघ्याच्या कळेकडे लक्ष देण्यापेक्षा खुर्चीवर बसून चित्त स्थिर ठेवणे बरे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि ते मी दादांना त्यांच्या समोर सांगितले आहे.

सगळेच पायदुखणे सीट आणि गिअरने जाणारे नसते. गुडघा सुजून गरम झाला, मध्येच अडकू लागला किंवा रात्री झोपमोड करू लागला तर डॉक्टर. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ती चोळायला बसू नये, त्याच दिवशी दाखवावे. आत रक्ताची गाठ असू शकते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरी भरून येणे आणि थांबल्यावर उतरणे हे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. आपल्या समाजात मधुमेह घरोघरी आहे, म्हणून याकडे अधिक लक्ष हवे. आणि शेजारच्या औषध दुकानातून पेढीवर मागवलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेणारे गृहस्थ मला माहीत आहेत. गुडघा वाचवताना मूत्रपिंड गहाण पडते.

दादांना रस्त्यावर सायकल शिकवण्याचे वय गेले. बाईंनी त्यांना जागच्या जागी चालणारी सायकल सांगितली, बैठक उंच आणि रेटा सर्वांत हलका. वहिनींनी ती घरात ठेवू दिली नाही, म्हणून ती गोदामात, हिरड्याच्या थप्पीसमोर आहे. पहिल्या आठवड्यात तीन मिनिटे, मग पाच, आता दादा दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पाय फिरवतात आणि त्याच वेळी हमालांना सूचनाही देतात. गुडघे बरे झाले असे ते म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. पायऱ्या चढताना कठडा धरण्याचे मात्र कमी झाले आहे. सौभाग्यवतींनी माझ्या सायकलीविषयीचा ठराव तूर्त तहकूब ठेवला आहे. गेल्या रविवारी घोडेगावला गेलो तेव्हा दादा सायकलवरच होते. समोरच्या मीटरकडे बोट दाखवून मला विचारू लागले, "आपण जागचे हललो नाही, मग हे सव्वादोन किलोमीटर कोणाच्या खात्यावर जमा झाले?"